सुंदर नाक आणि मोकळा श्वास

मराठी भाषेने नाकाला जितका मान दिला आहे तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाला दिला असेल. घराण्याची अब्रू नाकावर तोलली जाते. नाकासमोर चालणारा माणूस सज्जन ठरतो, नाकाने कांदे सोलणारा ढोंगी ठरतो आणि संकटात सापडलेल्याच्या नाकी नऊ येतात. उपवर मुलीचे वर्णन करताना ‘नाकीडोळी नीटस’ हे शब्द आजही आपल्या घरांतून ऐकू येतात. साहजिकच चेहऱ्याच्या मध्यभागी असलेल्या या लहानशा उंचवट्यावर अनेकांचे सुख-दुःख अवलंबून असते.

गेल्या काही वर्षांत नाकाचा आकार बदलून घेण्यासाठी येणाऱ्या तरुण-तरुणींची संख्या आपल्या इंदूरसारख्या शहरातही लक्षणीय वाढली आहे. पूर्वी अपघातात मोडलेले नाक घेऊन रुग्ण येत असे. आता मोबाईलमधील छायाचित्र घेऊन येतो. ‘डॉक्टरसाहेब, असे नाक करून मिळेल का?’ हा प्रश्न आणि ‘लग्नाला तीन महिने आहेत’ ही मुदत, दोन्ही एकाच वाक्यात येतात. शस्त्रक्रियेचा खर्च किती, सुट्टी किती दिवसांची घ्यावी लागेल, हे आवर्जून विचारले जाते. ‘यात बिघडू शकते काय?’ हा प्रश्न मात्र फार थोडे लोक विचारतात. या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोप्या शब्दांत देणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कोणाला भीती घालावी अशी इच्छा नाही. योग्य रुग्ण, योग्य कारण आणि जाणकार हात यांचा मेळ जमला तर ही शस्त्रक्रिया समाधान देते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पुण्यापासून बर्लिनपर्यंत

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीपासून नवे नाक घडविण्याची कृती सांगितली आहे. पुढे कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची पद्धत आपल्याकडे रूढ झाली. १७९२ च्या युद्धात इंग्रज सैन्याचा कावसजी नावाचा एक गाडीवान टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ विटा तयार करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या कातडीपासून त्याचे नाक पुन्हा तयार केले. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा एक धागा असा थेट पुण्यापर्यंत पोहोचतो.

परंतु त्या आणि आजच्या शस्त्रक्रियेत एक मूलभूत भेद आहे. कावसजीला गेलेले नाक परत हवे होते. आज येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांचे नाक निरोगी असते, त्यांना ते निराळे हवे असते. अमेरिकेत जॉन रो यांनी १८८७ मध्ये बाहेर व्रण न ठेवता नाकाचा शेंडा बदलला आणि बर्लिनमध्ये जॅक जोसेफ यांनी १८९८ मध्ये एका तरुणाचे मोठे नाक लहान केले. तेथून सौंदर्यासाठी नाक बदलण्याचे युग सुरू झाले. आजारी अवयवावर शस्त्रक्रिया करताना थोडा धोका पत्करणे क्रमप्राप्त असते. निरोगी अवयवावर शस्त्र चालवायचे असेल तर धोक्याचा हिशेब अधिक काटेकोरपणे मांडावा लागतो.

नाकाची घडण

गुंतागुंत कळण्यासाठी आधी नाकाची घडण थोडक्यात पाहू. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असतो. मधला आणि खालचा हिस्सा कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचिक पदार्थाचा असतो. आतून उभा पडदा या तंबूला खांबासारखा आधार देतो. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मांसल गाद्या असतात. त्या श्वासातील हवा गरम करतात, ओलावतात आणि गाळतात. मे महिन्यात माळव्याचा कोरडा, धुळीने भरलेला वारा आपण नाकाने आत घेतो आणि तोच फुप्फुसात पोहोचेपर्यंत दमट व सुसह्य झालेला असतो, तो याच यंत्रणेमुळे.

पडदा आणि मधल्या भागातील कूर्चा यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. तिचा कोन जेमतेम दहा ते पंधरा अंशांचा असतो. संपूर्ण श्वसनमार्गातील सर्वांत चिंचोळी जागा हीच. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिच्यातून वाहणारा प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आपण महाविद्यालयात शिकलो आहोत. नाक ही काही सरळ नळी नव्हे, तरी तत्त्व तेच लागू पडते. या फटीची रुंदी एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने कमी झाली तरी बाहेरून नाक रेखीव दिसते आणि आतून श्वास कोंडतो.

भूल आणि शस्त्रक्रियेचा दिवस

ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन किंवा गुंगीचे औषध आणि स्थानिक भूल यांच्या साहाय्याने केली जाते. निरोगी तरुण व्यक्तीला आधुनिक भुलेचा धोका अत्यल्प असतो, पण तो शून्य नसतो. औषधाची तीव्र ॲलर्जी, हृदयाच्या लयीतील बिघाड, रक्त घशात उतरून श्वासनलिकेत जाणे किंवा स्वरयंत्र आकसणे हे प्रसंग विरळा असले तरी घडतात. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून नाकात ॲड्रेनलिनमिश्रित इंजेक्शन दिले जाते. रक्तदाब व हृदयविकार असलेल्यांमध्ये ते जपून वापरावे लागते. म्हणूनच ‘छोटेसे ऑपरेशन’ समजून भूलतज्ज्ञाविना, आपत्कालीन सोयींविना अशी शस्त्रक्रिया करून घेणे धोक्याचे आहे.

रुग्णाने आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत. ॲस्पिरिनसारख्या औषधांचा रक्त गोठण्यावरील परिणाम सात ते दहा दिवस टिकतो. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ‘ई’ जीवनसत्त्व अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींमुळेही रक्तस्राव वाढू शकतो. ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ असे म्हणून पुष्कळदा काढ्यांचा व चूर्णांचा उल्लेखच होत नाही. मात्र हृदयविकारासाठी चालू असलेले औषध परस्पर बंद करू नये. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावा.

पहिले पंधरा दिवस

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांभोवती काळेनिळे होणे, सूज येणे, नाक बंद वाटणे आणि पहिले एक-दोन दिवस किंचित रक्तमिश्रित स्राव येणे हे सारे अपेक्षितच असते. नाकावरील पट्टी साधारण आठवड्याने काढतात. काळेपणा दोन आठवड्यांत ओसरतो. सूज मात्र चिवट असते. ढोबळ सूज काही आठवड्यांत उतरली तरी शेंड्यावरची बारीक सूज जायला वर्ष लागते, कातडी जाड असेल तर त्याहूनही अधिक. आपल्याकडे पुष्कळांची कातडी जाडच असते. त्यामुळे लग्नाच्या मुहूर्तावर नवे नाक ‘तयार’ मिळेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

याखेरीज काही लक्षणे मात्र तातडीची समजावीत. नाकातून थांबत नाही असे रक्त येणे हे त्यांतले पहिले. रक्तस्राव बहुधा पहिल्या दोन दिवसांत होतो. पण खपली सुटण्याच्या सुमारास, म्हणजे सातव्या-आठव्या दिवशीही तो उद्भवू शकतो.

दुसरे लक्षण म्हणजे दोन्ही नाकपुड्या एकाएकी पूर्ण बंद होऊन ठणका वाढणे. पडद्याच्या आवरणाखाली रक्त साचल्याची ही खूण असू शकते. पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण या आवरणातूनच होते. मध्ये रक्त साचले की कूर्चा उपाशी मरू लागते, पू धरतो आणि काही दिवसांतच नाकाचा कणा बसून घोड्याच्या खोगिरासारखा खड्डा पडतो. वेळेवर एक लहानसा छेद देऊन रक्त काढले तर हे सारे टळते. फोनवर ‘सूज आहे, उतरेल’ असे सांगून अशा रुग्णाला थोपवू नये, ही माझी तरुण सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे.

तिसरे लक्षण तापाचे. नाकाला रक्तपुरवठा भरपूर असल्याने येथे जंतुसंसर्ग सहसा होत नाही. झाला तर मात्र तो गांभीर्याने घ्यावा, कारण या भागातील शिरा मेंदूच्या तळाशी असलेल्या शिराजालाशी जोडलेल्या आहेत. नाकात बोळा ठेवलेला असताना तीव्र ताप, अंगावर पुरळ, जुलाब आणि रक्तदाब उतरणे अशी लक्षणे दिसली, तर ती जंतूंच्या विषाची असू शकतात. अशा वेळी बोळा तत्काळ काढून रुग्णाला दाखल करावे लागते. डोकेदुखीबरोबर नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्राव ठिबकणे हे मेंदूभोवतीचा द्रव गळत असल्याचे अतिविरळ, पण दुर्लक्षू नये असे चिन्ह आहे.

श्वासाचा प्रश्न

येथे एक जुना अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक विशीतली मुलगी आली. शास्त्रीय गाणे शिकत होती. नाकाच्या दांड्यावर ठळक उंचवटा होता आणि त्यावरून तिला लहानपणापासून चिडवले गेले होते. मी तो उंचवटा काढून टाकला. पट्टी सुटली तेव्हा घरची मंडळी पेढे घेऊन आली. मीही खूश होतो.

दोन वर्षांनी तिचे वडील एकटेच आले. म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, फोटो फार छान येतात हो. पण पोर रात्रभर तोंडाने श्वास घेते. सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. रियाजाला बसत नाही आता.’ मी तिला बोलावून तपासले. दांड्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी नाक चिमटल्यासारखे झाले होते. समोरून पाहताना हाडाची खालची कड उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखी उठून दिसत होती. गालाची कातडी बोटाने हळूच बाहेर ओढली की तिला मोकळा श्वास येई, बोट सोडले की पुन्हा कोंडे. उंचवट्याबरोबर मी मधल्या कूर्चांचा आधारही काढून टाकला होता आणि त्या हळूहळू आत ढळल्या होत्या.

माझ्या हातून झालेली चूक मी तिच्यासमोर मान्य केली. तिच्या संमतिपत्रावर रक्तस्राव, संसर्ग, व्रण असे छापील शब्द होते. ‘श्वासावर परिणाम होऊ शकतो’ हे त्यावर नव्हते आणि मी ते तोंडीही सांगितले नव्हते. गाणाऱ्या मुलीला ते आधी सांगितले असते, तर तिने कदाचित तो उंचवटा आनंदाने बाळगला असता. पुढे दुसऱ्या शहरातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पडदा आणि कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेच्या बारीक पट्ट्या बसवून ती फट रुंद केली. अमेरिकेतील जॅक शीन यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेली ही युक्ती आज सर्वत्र वापरली जाते. तिचा श्वास बराचसा सुधारला, पूर्वीइतका मात्र झाला नाही. तेव्हापासून रुग्णाच्या नाकाची मापे घेण्याआधी मी त्याच्या श्वासाची चौकशी करतो.

श्वास कोंडण्याची आणखीही कारणे आहेत. शेंडा बारीक करण्याच्या नादात तेथील कूर्चा फार कापली, तर श्वास आत घेताना नाकपुडी मिटते. आतील जखमा एकमेकींना चिकटून पडदे तयार होतात. आतल्या गाद्या अवास्तव कापल्या तर विचित्रच स्थिती उद्भवते. मार्ग मोकळा दिसतो, पण रुग्णाला श्वास पुरत नाही असे सतत वाटते, कारण हवेची जाणीव करून देणारा पृष्ठभागच नाहीसा झालेला असतो. पडद्याला भोक पडले तर खपल्या धरतात, रक्त येते आणि भोक लहान असेल तर श्वासाबरोबर शिटीसारखा आवाज येतो. वासाची जाणीव काही आठवडे मंदावणे स्वाभाविक आहे, ती कायमची जाणे दुर्मीळ. नाकाचा शेंडा आणि क्वचित वरचे पुढचे दात काही महिने बधिर राहतात आणि बहुधा पूर्ववत होतात.

रूपाचे दोष

ज्या रूपासाठी हा खटाटोप करायचा तेच मनाजोगे न येणे, ही या शस्त्रक्रियेची सर्वांत नित्याची गुंतागुंत होय. जगभरातील अनुभव पाहता साधारण पाच ते पंधरा टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावीशी वाटते. नाक किंचित वाकडे राहणे, दोन नाकपुड्यांत फरक दिसणे, दांड्यावर खडबडीतपणा जाणवणे हे सौम्य दोष झाले. हाडाचा उंचवटा काढल्यावर वर सपाट, उघडे छत राहणे, शेंड्याच्या वर व्रणाची गाठ धरून पोपटाच्या चोचीसारखा आकार येणे, शेंडा चिमटल्यासारखा होणे, नाकपुडीची कड वर ओढली जाणे किंवा दांडा खचणे हे अधिक गंभीर.

चांगल्या शल्यविशारदाच्या हातूनही असे का होते? कारण कापण्याचे काम शस्त्राचे असले तरी भरून येण्याचे काम शरीराचे असते. व्रण वर्षानुवर्षे आकसत राहतो आणि आधार कमी पडलेल्या कूर्चेला हळूहळू ओढत नेतो. पडद्याची किमान सेंटिमीटरभर रुंद चौकट वरच्या व पुढच्या बाजूला शाबूत ठेवावी, हा नियम याच अनुभवातून आला. काढलेली कूर्चा परत उगवत नाही. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर ‘आणखी थोडे बारीक करा’ हा आग्रह रुग्णही धरणार नाही आणि डॉक्टरही मानणार नाही. अलीकडे नाकाची मूळ रचना शक्य तेवढी शाबूत ठेवून बदल करण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे, तो याचमुळे.

पुन्हा शस्त्रक्रिया करायची झाल्यास निदान एक वर्ष थांबावे. सूज उतरण्यापूर्वी केलेली घाई मूळ दोषात भर घालते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्तपुरवठा उणावलेला असतो आणि पडद्यातील कूर्चा संपलेली असल्याने कानाची किंवा बरगडीची घ्यावी लागते. बरगडीची कूर्चा पुढे वाकू शकते आणि ती काढताना क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते.

बसके नाक उंच करण्यासाठी सिलिकॉनची किंवा तत्सम कृत्रिम पट्टीही बसवतात. ती सोपी आणि झटपट असते. पण परकी वस्तू ती परकीच. वर्षांनंतरही ती सरकू शकते, तिला संसर्ग होऊ शकतो किंवा ताणलेली कातडी फाडून ती बाहेर येऊ शकते. शेंड्याच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटून ती काळी पडणे हा दुर्मीळ पण भयंकर प्रसंग असतो. धूम्रपान करणाऱ्यांत आणि वारंवार शस्त्रक्रिया झालेल्यांत त्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर किमान महिनाभर विडी-सिगारेट आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य, हा नियम म्हणूनच आहे.

इंजेक्शनचे नाक

‘ऑपरेशन नको, इंजेक्शनने करून द्या’ अशी मागणी आता वाढली आहे. हायलुरॉनिक आम्लाचे भराव टोचून पंधरा मिनिटांत दांडा सरळ दिसू लागतो. शस्त्र नाही म्हणून धोका नाही, हा समज मात्र घातक आहे. नाकावरील रक्तवाहिन्यांचा डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी थेट संबंध असतो. भराव चुकून धमनीत गेला तर कातडी सडू शकते आणि तो उलट दिशेने सरकून दृष्टिपटलाच्या धमनीत अडकला तर काही मिनिटांत कायमचे अंधत्व येऊ शकते. असे प्रसंग क्वचित घडतात, पण त्यांच्यावर खात्रीचा उपाय नाही. टोचताना असह्य वेदना होणे, कातडी पांढरी पडणे किंवा जाळीदार निळसर होणे, नजर धूसर होणे ही धोक्याची चिन्हे होत. भराव विरघळवणारे औषध हाताशी नसेल तेथे आणि शरीररचनेचे ज्ञान नसलेल्या हातांनी, विशेषतः सौंदर्य प्रसाधनगृहात, हे इंजेक्शन कदापि घेऊ नये. पूर्वी नाकाची शस्त्रक्रिया झालेल्यांत धोका अधिक असतो.

मनाचा आरसा

काही रुग्णांचे नाक तपासून आपल्याला त्यात विशेष दोष आढळत नाही. त्यांना मात्र दिवसाचे तासन् तास त्या नाकाशिवाय दुसरे काही सुचत नाही. ते पुन्हा पुन्हा आरशात पाहतात किंवा आरसाच टाळतात, समारंभांना जात नाहीत, नोकरी सोडतात. ही देहरूपाविषयीची विकृत जाणीव हा ओळखता येणारा आणि उपचार होऊ शकणारा मनोविकार आहे. सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास मानले जाते. नाकाच्या सौंदर्यासाठी येणाऱ्यांत ते कितीतरी अधिक आढळते. अशा रुग्णाचे नाक कितीही सुबक केले तरी त्याचे समाधान होत नाही. दुःख एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते एवढेच. त्याला शल्यचिकित्सकाची नव्हे, मनोविकारतज्ज्ञाची गरज असते. ‘शस्त्रक्रिया करू नये’ असे सांगणे हाही उपचारच आहे.

अल्पवयीन मुलांविषयीही सबुरी हवी. चेहऱ्याची वाढ मुलींत साधारण पंधरा-सोळाव्या आणि मुलांत सतरा-अठराव्या वर्षी पूर्ण होते. त्यापूर्वी केवळ रूपासाठी नाकाला हात लावू नये. आणि स्थळ पाहायला येणाऱ्यांनी नाक मुरडले म्हणून मुलीचे नाक बदलायला निघालेल्या पालकांशी निवांत बोलावे. मुलीला एकटीला विचारले की पुष्कळदा वेगळेच उत्तर मिळते.

संमती आणि सावधगिरी

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात दिलेला निकाल आपणा सर्व डॉक्टरांच्या परिचयाचा असायला हवा. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय आणि ठळक धोके यांची पुरेशी माहिती देऊन मिळवलेली संमती हीच खरी संमती, असे न्यायालयाने म्हटले. निकालाच्या भीतीने छापील कागद लांबविणे सोपे आहे. रुग्णासमोर बसून, त्याच्या भाषेत, त्याच्या आयुष्यातील गरजा समजून बोलणे अवघड आहे. ते केले असते तर मला त्या गाणाऱ्या मुलीच्या वडिलांसमोर मान खाली घालावी लागली नसती.

रुग्णांनी निदान पुढील प्रश्न विचारावेत. तुम्ही प्लास्टिक सर्जरीचे अथवा कान-नाक-घसा शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे काय? अशा शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता काय? माझ्या नाकात आतून दोष आहे का आणि शस्त्रक्रियेनंतर माझ्या श्वासाचे काय होईल? भूल कोण देणार? बिघडले तर पुढे काय करणार आणि त्याचा खर्च कोणाचा? संगणकावर दाखवलेले भावी नाक हे चित्र असते, हमी नव्हे, हेही ओळखून असावे. ज्या दवाखान्यात हे प्रश्न विचारल्यावर कपाळाला आठ्या पडतात, तेथून नम्रपणे निरोप घ्यावा.

नंतरची पथ्येही सांगून ठेवतो. नाक जोराने शिंकरू नये आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे. झोपताना डोके उंच ठेवावे. चार ते सहा आठवडे चष्म्याचा भार दांड्यावर पडू देऊ नये, व्यायाम आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. जड नथ डॉक्टरांनी परवानगी दिल्याखेरीज घालू नये. रंगपंचमीला राजवाड्यावरच्या गेरमध्ये सामील होण्याचा मोह इंदूरकराला आवरत नाही, पण त्या वर्षी तो सज्जातून पाहावा. उन्हात नाकाची कातडी काळवंडते, म्हणून टोपी आणि मलम विसरू नये.

नाक हे चेहऱ्याचे भूषण आहे, तसेच ते श्वासाचे द्वार आहे. रूपाचे समाधान मिळविण्याची इच्छा स्वाभाविक आहे, तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार कोणालाच नाही. मात्र त्या समाधानाची किंमत आधी कळावी, हा रुग्णाचा हक्क आहे आणि ती सांगावी, हे आपले कर्तव्य आहे. त्या मुलीने पुढे गाणे पुन्हा सुरू केले. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातील एका कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेत बसून तिचा यमन ऐकला. तिच्या दोन ओळींमधल्या श्वासांकडेच माझे सारे लक्ष होते.